चाळीसाला पाच कमी

मोबाइलवर आलेला निरोप प्रेरणानं तीनदा वाचला, बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि चौथ्यांदा वाचला. महागावच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात ती तीन वर्षं तासिकांवर शिकवत होती, तिथं इंग्रजीच्या शिक्षकाची कायम जागा निघाली होती. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता निवड समितीपुढे वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. विषय ज्याच्या त्याच्या आवडीचा. गैरहजर उमेदवाराचा विचार होणार नव्हता.

ही तीन वर्षं प्रेरणा जुलै ते मार्च 'मॅडम' असायची आणि एप्रिल लागला की नुसती प्रेरणा व्हायची. सातवा महिना सुरू असतानाही ती दोन जिने चढून अकरावीच्या वर्गावर गेली होती. ही जागा निघावी म्हणून तिनं अर्ज केले होते, विनंत्या केल्या होत्या, रात्रंदिवस अभ्यास केला होता. नवस तेवढा केला नव्हता, पण तो तिच्या आईनं, विमलताईंनी, परस्पर करून टाकला होता.

"आई!" तिनं खोलीतूनच हाक मारली. "शुक्रवारी महागावले जा लागते मले!"

विमलताई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होत्या. तुपाळ हातानंच त्या दारात आल्या. कशासाठी, कोणी बोलावलं, यातलं काहीही न विचारता त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला.

"आज सोमवार, एकतीसावा दिवस. शुक्रवारी पस्तीसावा. चाळीसाले पाच कमी," त्या म्हणाल्या आणि लाडवांकडे परत गेल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

फुलसावंगीतल्या त्या घरात एकतीस दिवसांपासून प्रेरणा आणि तिची लेक एका खोलीत होत्या. खिडकीला गोधडी लावलेली, खाटेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपाची धुरी. प्रेरणाचे कान रुमालानं असे घट्ट बांधलेले की नवऱ्याचा, अमरचा फोन आला तर अर्धं बोलणं रुमालच ऐकायचा. बाळाचं बारसं झालं होतं, पण पत्रिकेतल्या नावाला विचारतं कोण? घरात ती सोनूच होती.

जेवायला मारोतराव शेतातून आले. तुरीचं मळणीयंत्र चालू असल्यामुळे त्यांच्या भुवयांवरसुद्धा भुसा होता. लेकीची बातमी ऐकून ते हरखले, बायकोचा निकाल ऐकून ताटावर वाकले आणि दोन घास खाल्ल्यावर त्यांना थोडा धीर आला.

"आपण सव्वा महिना म्हणतो ना? हिशोबानं सव्वा महिना म्हणजे साडेसदतीस दिवस होते, बरं का."

"अन् मंग वरचे अडीच दिवस कोणाच्या वावरात नेऊन टाकू?" विमलताईंनी भाकरी त्यांच्या ताटात जरा उंचावरूनच सोडली. "चाळीस म्हणजे चाळीस. माह्या मायनं मले चाळीस ठेवलं म्हणून आज मी उभी हावो. त्या शेजारच्या बाईनं बावीसाव्या दिवशी कापूस येचला, आज तिले लोटा उचलता येत नाही."

"पण शुक्रवारी तर पस्तीसच होते," मारोतरावांच्या उशिरा लक्षात आलं. साडेसदतीसही कामाचे नव्हते.

प्रेरणानं मात्र हार मानली नव्हती. तिच्याकडे एक शस्त्र होतं. पाठासाठी तिनं कधीचाच एक शब्द निवडून ठेवला होता, आणि संध्याकाळी आई धुरी द्यायला आली तेव्हा तिनं तो बाहेर काढला.

"आई, तुले क्वारंटाईन मालूम हाये?"

"मालूम नसाले काय झालं? कोरोनात तुह्या बाबाले शाळेत चौदा दिवस ठेवलं नव्हतं का? अख्खं गाव वाळलं, हे तिथून वजन वाढवून आले."

"तो शब्द मूळचा इंग्रजी नाही. इंग्रजीनं तो इटलीकडून घेतला. तिकडं व्हेनिस नावाचं शहर हाये. जुन्या काळी प्लेगच्या साथीत तिथं बाहेरून जहाज आलं, की माणसाइले गावात येऊ देत नसत. बंदराबाहेर थांबवून ठेवत. चाळीस दिवस. त्याइच्या भाषेत चाळीसले 'क्वारांता' म्हणतेत. त्याच्यावरून क्वारंटाईन."

धुरीचं भांडं विमलताईंच्या हातात तसंच राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे तेज चढलं, ते पाहून आपण काय करून बसलो हे प्रेरणाला कळलं.

"इटलीत बी चाळीसच?"

"अवं आई, पण आधी तिकडच्या बंदरात तीसच दिवस ठेवत! तीस दिवसाच्या नियमाले वेगळं नाव होतं. मंग पुढं चाळीस केले. म्हंजे हे आकडे काही देवानं दिलेले नाहीत, माणूस ते बदलवू शकते, असं मी—"

"तीसानं भागलं नसन म्हणूनच चाळीस केले ना?"

इंग्रजी साहित्यात प्रथम श्रेणीत एम.ए. झालेल्या प्रेरणानं खाटेवर सरकून धुरी घेतली. दुसऱ्या दिवशी नळावर विमलताई बायांना सांगत होत्या, "आपल्यात काही उगाच नाही म्हणत वो. इटलीवाले बी चाळीसच पाळतेत. त्याइनं तर आधी तीस करून पाह्यले!"

शेवटचा आधार होता हंसाबाईंचा. हंसाबाई रोज सकाळी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून चालत यायच्या, बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायच्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या पायांवर पालथी पडून मोठी झाली होती, त्यामुळे त्या कोणाचं फारसं मनावर घेत नसत. सोनूच्या पाठीवरून अंगठा फिरवत त्यांनी व्हेनिसची सगळी हकिगत ऐकून घेतली.

"त्या जहाजात बाळंतिणी होत्या का?"

"नाही, हंसामाय. व्यापारी होते."

"मंग त्याइचं त्याइच्यापाशी. तुह्या अंगातलं पाणी अजून वाळलं नाही. पाठ घ्याचा तर इथूनच घे."

"इथून? समिती महागावले बसते."

"मंग समितीले म्हणा, थोडी सरक."

प्रेरणा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग सोनू रडायला लागली म्हणून तिला रडणं आवरतं घ्यावं लागलं.

पलीकडच्या खोलीत कपडे बदलत असलेल्या मारोतरावांनी हे सगळं ऐकलं. धुतलेला सदरा घातला, मळणी दुसऱ्याच्या भरवशावर टाकली आणि पहिल्या गाडीनं महागाव गाठलं. महाविद्यालयात गेल्यावर त्यांनी प्राचार्य जीवन सरांना पाच दिवसांची मुदत मागितली. सर भले माणूस होते, पण तारीख त्यांच्या हातात नव्हती. तज्ज्ञ शिक्षक यवतमाळहून येणार होते, बाकीच्या उमेदवारांना पत्रं गेली होती. संस्थेचे सचिव देवराव तिथंच बसले होते. त्यांनीही मान हलवली. मारोतराव उठले आणि उठता उठता त्यांच्या तोंडून सवयीचं वाक्य निघालं.

"बरं मंग. कधी फुलसावंगीले आले तर या ना बाप्पा घरी."

हे वाक्य आपल्याकडे माणूस उठताना म्हणतो. बसमध्ये ओळख झालेल्याला म्हणतो, पत्ता चुकलेल्याला म्हणतो. ते ऐकून खरंच कोणी येईल अशी भीती आजवर कोणाला वाटलेली नाही.

देवराव मात्र सावरून बसले. "अरे, शुक्रवारी सकाळी आपल्या संस्थेच्या शाळेत फुलसावंगीलेच तर जाऊन राह्यलो आपण! सर, तज्ज्ञाले तिकडंच बोलवा. या मॅडमचा पाठ त्याइच्या घरी घेऊ, बाकीच्याइचे दुपारी इथं. नियमात कुठं लिहिलं हाये की पाठ वर्गातच झाला पाह्यजे?"

मारोतराव पेढे घेऊन घरी आले. पेढ्याचा पुडा उघडायच्या आत विमलताईंनी सगळी हकिगत काढून घेतली.

"घरात एवढुसं लेकरू, अन् तुम्ही तीन-तीन माणसाइले आवतन देऊन आले?"

"मी कुठं देलं? मी म्हणलं, या ना बाप्पा. ते याले लागले!"

प्रेरणाचा चेहरा असा उजळला होता की विमलताईंनी पेढ्यांचा पुडा स्वतःच सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हंसाबाईंना विचारलं. हंसाबाईंनी अटी घातल्या. पाहुण्यांनी आल्याबरोबर आत यायचं नाही. हातपाय धुऊन ओसरीवर बसायचं, बाहेरची हवा अंगावरून उतरू द्यायची, शेगडीवर हात शेकायचे. त्यानंतरही उंबऱ्याच्या अलीकडे कोणी यायचं नाही. आणि आजारी माणूस असेल तर तो ओसरीवरसुद्धा नको.

आता घरी तीन इस्त्रीचे सदरे येणार आणि लेकीला प्रश्न विचारणार, अशा प्रसंगाची तयारी विमलताईंना एकाच प्रकारची येत होती. त्यांनी शेजारून खुर्च्या आणवल्या, पोह्यांसाठी शेंगदाणे भाजले, टेबलावर चादर टाकली आणि शुक्रवारी सकाळी प्रेरणाला म्हणाल्या, "ते अबोली लुगडं नेस. अन् इचारलं तेवढंच सांग."

"आई, माह्यं लग्न झालं हाये."

"तरी बी."

अकराला दहा कमी असताना गाडी आली. देवराव आणि जीवन सर उतरले, मुकाट्यानं हातपाय धुतले आणि शेगडीपुढे हात धरून बसले. देवराव तर खूषच झाले. "माह्या घरी बी असंच होतं वो. नातवाले पाह्याले मलेच अर्धा तास बसवलं होतं."

यवतमाळचे तज्ज्ञ रजत सर मात्र मागून मोटरसायकलनं आले. तरुण माणूस. जानेवारीची थंडी छातीवर घेत, इतक्या दूरचा रस्ता कापून आले होते. फाटक उघडून त्यांनी अंगणात एक पाऊल टाकलं, नमस्कार करायला हात जोडले आणि सणसणीत शिंकले.

"थांबा!" ओसरीवरून हंसाबाईंचा आवाज आला.

रजत सर थांबले. एक पाय आत, एक बाहेर.

"सर्दी कधीपासून?"

"परवापासून. पण विशेष काही नाही, मी गोळी—"

"मांगं व्हा. फाटकाच्या बाहेर."

प्राचार्य उठून उभे राहिले. "अहो बाई, हे तज्ज्ञ आहेत! सगळ्यात जास्त गुण यांच्याच हातात आहेत."

"असू द्या. नाक बी त्याइच्यापाशीच हाये."

खोलीतून हे ऐकणारी प्रेरणा खाटेवरून उठून दाराशी आली. तिच्या तीन वर्षांच्या कष्टांना गुण देणारा माणूस तिच्याच घरच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवला जात होता. आणि फाटक तरी असं दूर, की ओसरीवरचं बोलणं तिथं पोचेना. रजत सरांनी कानामागे हात धरून खूण केली: काहीही ऐकू येत नाही.

मारोतराव क्षणभर डोकं धरून उभे राहिले. इतक्यात गल्लीतून रामधनची भाजीची रिक्षा आली. रिक्षावर कर्णा होता आणि त्यातून रामधनचाच टेप केलेला आवाज येत होता, "आलू घ्या, कांदे घ्या, ताजा ताजा हिरवा संभार!" मारोतरावांनी दोन्ही हात पसरून रिक्षा अडवली.

"रामधन, तुह्या भोंग्याले माइक लागते का रे?"

"लागते ना काका. गणपतीत लावतो. काहून?"

"इंग्रजी शिकवाचं हाये."

रामधननं आणखी काही विचारलं नाही. रिक्षा फाटकाशी लागली, वायर अंगणातून, ओसरीवरून, उंबऱ्यावरून आत गेली. प्रेरणा खाटेच्या कडेला बसली. डाव्या हातात पाळण्याची दोरी, उजव्या हातात माइक, कानाला रुमाल. तिनं दीर्घ श्वास घेतला आणि इंग्रजीत सुरुवात केली. आपण रोज बोलतो ते शब्द कुठून प्रवास करत आले, याचा आपण कधी विचार केला आहे का?

"आलू घ्या, कांदे घ्या!" भोंगा म्हणाला.

"एक मिनिट, ताई!" रामधननं डब्यावर गुद्दा मारला. "वायर ढिली हाये. हं, बोला."

भोंग्याचा आवाज ऐकून गल्लीतल्या बाया भाजी घ्यायला बाहेर आल्या आणि भाजीऐवजी इंग्रजी येतंय म्हणून तिथंच उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी देवरावांनी ओसरीवरून हात वर केला.

"मॅडम, थोडं मराठीत बी सांगा. मलेबी गुण द्या लागतेत."

मग प्रेरणा दोन्ही भाषांत बोलू लागली. पाण्यात वसलेलं व्हेनिस तिनं गल्लीत आणून ठेवलं. त्या शहराचं पोट व्यापारावर होतं. जहाजांतून मिरी यायची, रेशीम यायचं, आणि साथीच्या दिवसांत त्याच जहाजातून प्लेगही यायचा. जहाज परत पाठवावं तर खायचं काय? आत घ्यावं तर जगायचं कसं? म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. या, पण थांबा. बंदराबाहेर, नाहीतर जवळच्या बेटावर. कुणाच्या अंगात रोग असेल, तर तेवढ्या दिवसांत तो दिसेल.

"चाळीसच काहून?" फाटकावरून एका बाईनं विचारलं. रजत सरांनी वहीतून मान वर केली, कारण हाच प्रश्न त्यांनी लिहून ठेवला होता.

"खरं सांगू का काकू? पक्कं कोणालेच माहीत नाही. कोणी म्हणते, त्याइच्या धर्मात चाळीस दिवसाचा उपास होता, त्याच्यावरून. कोणी म्हणते, जुने वैद्य सांगत की चाळीसाव्या दिवसापर्यंत दुखणं लपून राहू शकत नाही. मले वाटते, थांबवाचं होतं, अन् लोकाइले पटन असा आकडा पाह्यजे होता."

आतून पोह्यांची कढई जोरात खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता हे घर म्हणजे व्हेनिस समजा," प्रेरणा घाईनं म्हणाली, आणि उंबऱ्यातून तिची नजर फाटकापर्यंत गेली. "अन् रजत सर म्हणजे जहाज."

गल्ली हसली. रजत सरही हसले आणि हसता हसता पुन्हा शिंकले.

"जहाजात माल भारी हाये ताई," रामधन म्हणाला, "पण सर्दी बी हाये."

त्या हशानं सोनू जागी झाली. तिचं पहिलं रडणं माइकमधून गेलं आणि अर्ध्या फुलसावंगीनं ऐकलं. विमलताई पोह्यांचा झारा घेऊनच धावल्या. हंसाबाईंनी मात्र सोनूला उचलून खांद्यावर घेतलं आणि आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी गुणगुणत कोपऱ्यात फेऱ्या मारायला लागल्या. रजत सर खुर्चीवरून उठून ओरडले, "मॅडम, शेवटचा प्रश्न! आता पाच दिवसांचंही क्वारंटाईन असतं. रोपांचं असतं, कुत्र्यांचं असतं. मग त्यातले चाळीस गेले कुठे?"

प्रेरणानं पाठात याचं उत्तर लिहून ठेवलं होतं. चार मुद्दे होते. पण लेक रडत असताना चार मुद्दे आठवत नाहीत.

"शब्द परक्या गावी राह्यला गेला, सर, की सामान हलकं करते," ती म्हणाली. "इटलीतून इंग्रजीत जाता जाता चाळीस आकडा वाटेत सांडला. थांबणं तेवढं राह्यलं. दाराशी थांब, आत कोणीतरी जपण्यासारखं आहे. एवढाच त्याचा अर्थ उरला. पण तो अर्थ कोणत्याही भाषेत कळते, म्हणून तो शब्द टिकला."

रजत सर उभ्यानंच वहीत लिहू लागले.

हंसाबाई फेऱ्या मारता मारता थांबल्या. "आम्ही गोर माणसं," त्या कोणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. "माह्या सासऱ्याचे आजे बैलावर मीठ लादून फिरत. एखाद्या गावात देवी आल्या असल्या, तर वेशीबाहेर मिठाची गोणी ठेवत अन् दूर जाऊन हाक मारत. गाववाले मीठ नेत, तिथंच धान ठेवून जात. याले आमच्यात काही नाव नव्हतं. या पोरीनं आज सांगतलं."

रजत सरांपर्यंत हे रामधननं पोचवलं. सरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

पाठ संपला. देवराव आणि प्राचार्य ओसरीवर पोहे खात होते. फाटकाबाहेर एकट्या बसलेल्या तज्ज्ञाकडे पाहून विमलताईंना राहवेना. कोणाचं तरी लेकरू, एवढ्या थंडीत आलेलं. त्यांनी आलं-तुळशीचा काढा उकळला आणि स्वतः घेऊन गेल्या. सर शेवटच्या घोटाशी कुरकुर करायला लागले, तेव्हा त्या तिथंच उभ्या राहिल्या. "सगळा प्या बाप्पा. खालीच तर गूळ असते." सरांनी सगळा प्याला. त्या वेळात ते तीनदा शिंकले.

रविवारी सकाळी विमलताई नातीला घ्यायला वाकल्या, तेव्हा त्यांना शिंक आली.

हंसाबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"विमलबाई. बाहेर."

"अवो, मिरचीची फोडणी..."

"आज अजून चूल पेटली नाही."

विमलताईंचं अंथरूण ओसरीवर गेलं आणि हंसाबाई दिवसभर घरात थांबू लागल्या. त्यांचं ताट उंबऱ्यावर ठेवलं जाऊ लागलं. घरात काय चुकतंय ते त्यांना बाहेरून सगळं दिसायचं आणि काही करता यायचं नाही. "अवो, दूध उतू चाललं!" "तिच्या टोपीची नाडी सुटली!" "धुरीत ओवा कमी पडून राह्यला!" मारोतराव आतून "हो, हो" म्हणायचे, आणि दूध उतू जायचं. संध्याकाळपर्यंत विमलताई वाटाघाटीला आल्या होत्या.

"सर्दीले काही चाळीस दिवस लागत नाहीत, हंसाबाई."

"नाही लागत. नाक वाळलं की या."

सोमवारी दुपारी प्राचार्यांचा फोन आला. प्रेरणाची निवड झाली होती. रजत सरांनी सर्वांत जास्त गुण दिले होते आणि शेऱ्यात लिहिलं होतं, 'विषय प्रत्यक्ष अनुभवायला दिला.' आता बुधवारी साडेदहाच्या आत तिनं स्वतः येऊन रुजू व्हायचं. "फक्त सही करा मॅडम, रजेचा अर्ज द्या आणि तासाभरात परत जा. पण सही इथल्या रजिस्टरात, तुमच्या हातानं. ती काही मी फुलसावंगीला आणू शकत नाही."

मारोतरावांनी नाचायला हात वर केले आणि वरच ठेवून मोजले. "बुधवार म्हणजे... चाळीसावा दिवस."

"पण पुरा व्हाचा हाये," हंसाबाई म्हणाल्या. "सांच्याला पुरा होते."

सगळे ओसरीकडे वळले. डोक्यावर टॉवेल घेऊन विमलताई वाफ घेत होत्या. त्यांनी टॉवेल बाजूला केला. चेहरा लाल, नाक त्याहून लाल.

"प्रेरणा, तुह्या त्या इटलीत चाळीसाव्या दिवशी जहाज सकाळी सोडत का सांच्याला?"

'सकाळी' एवढा एकच शब्द प्रेरणानं म्हणायचा होता. तो तिच्या ओठांवर आलाही. पण आईच्या त्या चेहऱ्याकडे पाहून तिला खोटं बोलवेना.

"ते कुठं वाचलं नाही, आई. मले माहीत नाही."

विमलताईंनी वाफेचं भांडं बाजूला सारलं.

"तू वाचलं नसशीन. मी सांगते," त्या म्हणाल्या. "सकाळीच सोडत असन. अन् तेबी लवकर. ज्यानं हे नियम केले तो आत बसला असन. बाहेर बसलेल्या माणसाले इचाराले पाह्यजे होतं. मी दोन दिवसात पिसाळली, मंग चाळीस दिवस काढलेल्या माणसाले शेवटल्या दिवशी सांच्यापर्यंत कोण ठेवन? पाप लागन!"

"मंग तुले बी आत घेऊ का, आई?"

"नाही," हंसाबाई म्हणाल्या. "नाक वाहून राह्यलं."

बुधवारी सकाळी नऊ वाजता जावईबापू अमर गाडी घेऊन आले. प्रेरणानं लेकीला पोटभर पाजलं. निळी साडी नेसली, रुमाल काढला, पुन्हा बांधला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिनं उंबरा ओलांडला आणि ऊन डोळ्यांत गेलं म्हणून डोळे मिटले. अंगणात गेली, आणि परत फिरली.

"दुपटं सैल राह्यलं वाटते."

दुपटं सैल नव्हतं. ती पुन्हा निघाली, गाडीत बसली, आणि अमर चावी फिरवणार एवढ्यात उतरली.

"ढेकर काढली का मी तिची? हंसामाय, ढेकर आली होती ना?"

"दोन आल्या. जाय."

तिसऱ्यांदा ती परत आली, तेव्हा तिच्याकडे कारणही नव्हतं. उंबऱ्याशी उभी राहून ती पाळण्याकडे पाहू लागली. सोनू गाढ झोपली होती, मूठ गालाखाली. ज्या दाराबाहेर पडायला प्रेरणा दहा दिवस भांडली होती, ते दार आता तिला सोडेना.

"दहा मिनिटं थांबू का, आई? वेळ हाये अजून. नाही तं असं करू, प्राचार्याइले फोन करून इचारते, उद्या चालन का..."

ओसरीवरच्या अंथरुणातून विमलताई ताडकन उठल्या. दोन पावलं पुढे आल्या, मग सर्दी आठवून तिथंच थांबल्या आणि लांबूनच त्यांनी बोट फाटकाकडे धरलं.

"चाळीस झाले म्हणलं ना! मोजून चाळीस! आता एक मिनिट आत ठेवणार नाही मी तुले. निंघ!"

प्रेरणा निघाली. गाडी वळणाआड जाईपर्यंत विमलताई बोट तसंच धरून उभ्या होत्या. मग त्यांनी पदरानं आधी डोळे पुसले आणि नंतर नाक. मारोतराव पाहत होते, म्हणून त्या म्हणाल्या,

"सर्दी अजून पुरती गेली नाही."